आउटडूला एक हरलेला लागतो

आमच्या इंग्रजीच्या बाईंचा एक नियम होता. शब्द पाठ झाला म्हणजे तो आला, असं त्या मानत नसत. त्या शब्दाचं एक वाक्य करायचं, ते आपल्या स्वतःबद्दल हवं आणि खरं हवं. खोटं वाक्य कितीही चोख असलं तरी बाई ते फळ्यावर घेत नसत. 'रन' शब्दाच्या वेळी भट्टीवाल्याला वाचनालयाभोवती पळून दाखवावं लागलं, तेव्हा कुठे त्याचं वाक्य मान्य झालं. 'स्लीप'च्या वेळी मात्र वॉचमनचं वाक्य बाईंनी काही न विचारता लिहून घेतलं.

वर्ग वाचनालयाच्या तळमजल्यावर भरायचा, संध्याकाळी. खोलीला जुन्या पुस्तकांचा आणि खळीचा वास होता. दोघादोघांचे बाक होते. वय झाल्यावर अक्षरं गिरवायला बसलेली आम्ही मोजकी मंडळी: भट्टीवाला, वॉचमन, शिवणवाल्या ताई, माझा मेहुणा, माझी बायको आणि मी. मेहुणा एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवतो. दिवसभर लोक त्याच्याशी 'चौथा' आणि 'सहावा' एवढंच बोलतात, म्हणून उरलेलं सगळं बोलणं तो वर्गात येऊन संपवायचा. मी वेताच्या खुर्च्या विणतो. बायको दवाखान्याच्या लॉन्ड्रीत रात्रपाळीला होती. मी दुकानातून घरी यायचो तेव्हा ती चप्पल घालत असायची. सगळा संसार आम्ही उंबरठ्यावर केला. ती निवृत्त झाली आणि आम्ही दोघांनी वर्गात नाव घातलं, तेव्हा एका बाकावर शेजारी शेजारी बसायची आमची पहिली वेळ. लग्नात बसलो होतो, पण तेव्हा फोटोवाला सारखा सरकायला सांगत होता.

खालचा वर्ग संपला की वरच्या मजल्यावर वरचा वर्ग. त्याचे वार वेगळे. शेवटच्या शब्दाचं वाक्य ज्याला जमेल तो वर जाणार, ज्याला जमणार नाही तो खालीच, नव्या लोकांबरोबर पुन्हा पहिल्यापासून.

तो शेवटचा शब्द बाईंनी फळ्यावर लिहिला. आउटडू.

"म्हणजे वरचढ ठरणं," बाई म्हणाल्या. "मागे टाकणं. आपण म्हणतो ना, त्याने केलं आणि याने त्यावर कडी केली. ही कडी करणं म्हणजे आउटडू."

भट्टीवाल्याने हात वर केला. "कालच्यापेक्षा आज माझे पाव चांगले फुगले. हे आउटडू का?"

"मग तुम्ही स्वतःलाच आउटडू केलंत. तसंही म्हणतात. पण ते दुसऱ्याने कौतुकाने म्हणायचं असतं. स्वतःच म्हणालात तर लोक हसतील."

"बाई, जिन्याने जाणाऱ्यांना मी रोज मागे टाकतो," मेहुणा म्हणाला.

"ते नुसतं पुढे निघून जाणं झालं. आउटडू करायला दोघांनी एकच काम करावं लागतं, आणि तुम्ही ते दुसऱ्याहून चांगलं किंवा जास्त करावं लागतं. एकट्याने बसून आउटडू होत नाही. समोर कुणीतरी हरलेला लागतो." बाईंनी खडू खाली ठेवला. "आणि या शब्दाला मी साक्ष घेणार आहे. जो हरला त्याने इथे उभं राहून सांगायचं, होय, यांनी मला आउटडू केलं. तो मुद्दाम हरलेला नसावा. शनिवारपर्यंत वेळ आहे."

माझ्या बायकोला शनिवार लागला नाही. ती तिथल्या तिथे उभी राहिली आणि म्हणाली, "आय आउटडू माय हजबंड इन एव्हरीथिंग."

वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, "काकू, एव्हरीथिंग मोठा शब्द आहे. सगळ्याच गोष्टींत म्हणताय. विचार करा."

"केलाय," बायको म्हणाली.

"काका, तुम्हाला हे मान्य आहे?"

मी मान हलवली. विचार करून हलवली असं नाही. तिने काही म्हटलं की माझी मान आपोआप हलते. मान हलून झाल्यावर लक्षात आलं की बायको वर गेली आणि मी खाली राहिलो. आता मला कुणालातरी हरवायलाच हवं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात वेत भिजत घालत होतो. दारात भट्टीवाला उभा, कोपरापर्यंत पीठ.

"काका, जरा एका पायावर उभे राहता का?"

"कशाला?"

"राहा तर खरं. मीपण राहतो. ज्याचा पाय आधी टेकेल तो हरला."

मी म्हटलं, बरं झालं, आपल्यालाही कुणीतरी हवंच आहे. आम्ही समोरासमोर एका पायावर उभे राहिलो. भट्टीवाला भट्टीपुढे उभं राहून राहून खांबासारखा झालेला. मी आयुष्यभर मांडी घालून विणकाम केलेला. शिवाय माझ्या पाठीमागे वेताची बादली होती, हे मी विसरलो होतो. आधी मी बादलीत बसलो, मग बादली आडवी झाली, मग भिजलेल्या वेताच्या पट्ट्या माझ्या गळ्यात पडल्या.

"शनिवारी साक्ष द्याल ना?" मला उठवत भट्टीवाल्याने विचारलं.

"देईन बाबा. पण मग आता कणीक मळण्यात लावू शर्यत. मी तुला हरवतो का बघू."

"आणि हरवलंत तर? मी सगळ्यांपुढे उभा राहून सांगू, की खुर्चीवाल्याने मला कणकेत हरवलं? उद्यापासून माझे पाव कोण घेईल?"

तो गेला. मग मला या शब्दातली खरी मेख कळली. जिंकायला सगळेच तयार होते, पण उभं राहून 'मी हरलो' म्हणायला वर्गात एकही जण तयार नव्हता. माझी मान तेवढी आपोआप हलते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुपारी शिवणवाल्या ताई आल्या. त्यांच्या एका हातात सुई होती, एका हातात दोरा, आणि दुसरी सुई मला देण्यासाठी पदराला टोचलेली.

"ताई, हा काही न्याय झाला का?" मी म्हटलं.

"न्यायाचं बाई काही बोलल्या नाहीत. ओवा."

माझा दोरा सुईच्या आजूबाजूला फिरत होता तोवर त्यांनी आपली सुई ओवली, माझीही ओवली, आणि जाता जाता माझ्या सदऱ्याचं लोंबतं बटण लावून दिलं. हरल्याबद्दल बटण मिळालं, म्हणून मी फार तक्रार केली नाही.

त्यानंतर वॉचमन. त्याला झोपण्याची शर्यत लावायची होती. कोण आधी झोपतो ते बघायचं. मी म्हटलं, ठीक आहे, तू त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बस. मी माझी खुर्ची ओढेपर्यंत तो घोरायला लागला. जिंकलास म्हणून सांगायला मी त्याला हलवलं, खांदा धरून हलवलं, कानाशी हातोडी वाजवली. शेवटी दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "काय हो, सुरू करायचं ना?"

मेहुणा सगळ्यांच्या शेवटी आला, दुसऱ्या दिवशी, खिशात बिस्किटांचा पुडा घेऊन.

"दाजी, तोंडात बिस्किटं कोंबायची आणि शिट्टी वाजवायची. ज्याची आधी वाजेल तो जिंकला."

"तुला काही लाजबीज आहे का रे? तुझ्या बहिणीचा नवरा आहे मी."

"म्हणून तर घरातलं घरात आलो. बाहेरच्याला बिस्किटं कोण देतं?"

त्याची शिट्टी वाजली. माझी वाजली नाही. माझ्याकडून जे काही निघालं ते समोरच्या खुर्चीवर जाऊन बसलं, आणि तिचं पॉलिश अजून ओलं होतं. गिऱ्हाइकाला मी पुढे सांगितलं की ही नवी पद्धत आहे, दाणेदार.

मी मेहुण्याचा हात धरला. "आता मी म्हणेन त्यात शर्यत. तुझ्या इमारतीचा जिना. खालपासून चौथ्या मजल्यापर्यंत. तू दिवसभर स्टुलावर बसून असतोस. मी निदान खुर्च्या डोक्यावर घेऊन गिऱ्हाइकाकडे पोचवतो."

"आणि हरलो तर साक्ष द्यायची?"

"नाही दिलीस तर तुझ्या ताईला सांगेन, तिच्या लग्नातला कुकर कुणी नेऊन वापरला ते."

तो मुकाट चालायला लागला. इमारतीत आम्ही पहिल्या पायरीवर बरोबर उभे राहिलो, एक दोन तीन म्हटलं आणि निघालो. पहिल्या मजल्यापर्यंत मी पुढे होतो. मागे त्याच्या बुटांचा आवाज येत होता, मग आवाज थांबला. मी मनात म्हटलं, दमला. माझ्या छातीचा भाता झाला होता, गुडघे बोलायला लागले होते, पण मी थांबलो नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो वरचा वर्ग होता, तिथे बसलेली बायको होती, आणि तिच्या शेजारी भट्टीवाला येऊन बसतोय असं दिसत होतं. कठड्याला धरून धरून मी चौथ्या मजल्यावर पोचलो. समोर लिफ्टचं दार उघडलं. आत मेहुणा.

"कितवा मजला, दाजी?" तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. "अरेच्चा. सवयीने आत शिरलो हो."

"मग मी जिंकलो!"

"जिंकलात कसले? तुमच्या आधी आलो ना मी?"

"तू लिफ्टने आलास!"

"मग शर्यत झालीच नाही. एकच काम दोघांनी करावं लागतं, बाई म्हणाल्या होत्या." आणि वर मला म्हणाला, "बसा आत, खाली सोडतो. चेहरा बघा कसा झालाय."

*

शुक्रवारी संध्याकाळी बायकोने माझ्या गुडघ्यांना तेल लावलं.

"एवढ्या मोठ्या गावात तुम्हाला हरवायला एक माणूस मिळू नये?" ती म्हणाली. तेल मात्र हलक्या हाताने लावत होती.

"माणसं पुष्कळ आहेत. हरलो म्हणणारी नाहीत."

"कालच्या त्या गिऱ्हाइकाला आणा उभं करून. दाणेदार खुर्चीवाल्याला."

"त्याला तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

तिने दुसरा गुडघा घेतला. मग म्हणाली, "वरच्या वर्गात मी एकटीने जाऊन काय करू? अर्धे शब्द मला कळतात ते तुम्ही चुकता म्हणून. तुम्ही चुकलात की बाई नीट समजावून सांगतात."

एवढं गोड ती माझ्याशी क्वचितच बोलते. त्या रात्री मी नीट झोपलो नाही. वॉचमनला सांगायला हवं होतं, आता लाव शर्यत, आता तर आणखी वाईट हरेन.

*

शनिवारी बाईंनी एकेकाला उभं केलं. भट्टीवाल्याने वाक्य म्हटलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी उभा राहून म्हटलं, "होय, यांनी मला एका पायावर उभं राहण्यात आउटडू केलं." वाक्य फळ्यावर गेलं. शिवणवाल्या ताईंचं वाक्य आलं, मी पुन्हा उभा. वॉचमनचं, पुन्हा उभा. त्याचं वाक्य म्हणायला त्याला आधी उठवावं लागलं. मेहुण्याच्या वेळेला मी बसलोच नव्हतो. फळ्यावर सगळ्यांत वर बायकोचं वाक्य, आणि खाली ओळीने चार वाक्यं, आणि प्रत्येकात हरलेल्याच्या जागी खुर्चीवाला.

बाई फळ्याकडे बघत राहिल्या. हसू आलेलं त्यांनी रुमालात खोकून टाकलं. "काका, आता तुमचं. कुणाला आउटडू केलंत?"

मी उभाच होतो. म्हटलं, "बाई, मी काय सांगू? हा फळा बघा. पायावर हरलो, सुईत हरलो, झोपेत हरलो, बिस्किटात हरलो. बायकोपुढे तर सगळ्यातच हरलो, तसं लिहिलंयच तुम्ही. हरण्यात माझा हात धरणारा या वर्गात कुणी नाही."

बाईंचा खडू हवेतच थांबला. "काय म्हणालात? शेवटचं पुन्हा म्हणा."

"हरण्यात माझा हात धरणारा कुणी नाही."

"मग तेच इंग्रजीत म्हणा ना."

मला आधी कळलंच नाही. बायकोने माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं आणि शब्द पुटपुटले. मी म्हटलं, "आय आउटडू एव्हरीबडी इन लूझिंग."

खोलीत टाळ्या पडल्या. बाईंनी साक्ष मागितली. भट्टीवाला छाती पुढे काढून उभा राहिला. "होय बाई. हरण्यात मी काकांपुढे काहीच नाही. मला त्यांनी पार मागे टाकलंय." शिवणवाल्या ताईंनी, वॉचमनने, मेहुण्याने, सगळ्यांनी अशा आनंदाने साक्ष दिली की जणू त्यांचाच सत्कार चाललाय. 'मी हरलो' म्हणायला जे लोक आठवडाभर तयार नव्हते, ते या हरण्याला एका पायावर तयार होते. बाईंनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं. मी बायकोकडे पाहिलं. तिने पाकीट बिकीट आवरायला घेतलं होतं, जणू आत्ताच वर जायचंय.

तेवढ्यात मेहुणा. देवाने त्याला दिवसभर लिफ्टमध्ये गप्प ठेवलं ते बहुतेक याच क्षणासाठी.

"बाई, एक शंका. ताईचं वाक्य आहे, ती दाजींना सगळ्या गोष्टींत आउटडू करते. सगळ्यात म्हणजे हरण्यातसुद्धा. आणि दाजी म्हणतात, हरण्यात ते सगळ्यांच्या पुढे. म्हणजे ताईच्याही पुढे. मग दोघांतलं खरं कुठलं?"

बाईंनी वरचं वाक्य वाचलं, खालचं वाचलं, पुन्हा वरचं वाचलं. "खरंच की. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. एकच राहील." आणि त्यांनी डस्टर उचललं.

"काढलीस ना खोडी?" बायको भावावर ओरडली. मग बाईंकडे वळली. "थांबा बाई, माझं पुसू नका. हरण्यात हे माझ्यापुढे, हे कुणी ठरवलं?"

"तू कधी हरलीस गं?" मी म्हटलं. मला खरोखरच आठवत नव्हतं.

"तुमच्याशी लग्न केलं. याहून मोठी हार असते का?"

"त्या दिवशी मीही तिथेच होतो. माझीही तेवढीच झाली."

"मी साक्षीदार आहे," मेहुणा म्हणाला. "ताई हसत होती."

"तू गप्प बस रे! मी हसत होते कारण यांचा फेटा डोळ्यांवर आला होता." तिला जोर चढला. "पंख्याच्या वेगावरून रोज कोण हरतं? मी. यांच्या घोरण्यापुढे कोण हरतं? मी."

"दाजी घोरण्यात जिंकतात, म्हणजे तुझं एव्हरीथिंग गेलंच की ताई!"

वर्ग बाकांवर लोळत होता. डोळे पुसताना भट्टीवाल्याच्या तोंडाला पीठ लागलं. बाईंनी डस्टर फळ्यावर आपटलं.

"शांत! हे इथेच मिटवा. काकू, तुमचं वाक्य राहिलं तर तुम्ही वर जाल आणि काका खाली. काकांचं राहिलं तर काका वर आणि तुम्ही खाली. बोला, कुणाचं पुसू?"

आता मात्र मी गांगरलो. मी आठवडाभर बादलीत काय पडलो, जिने काय चढलो, ते ही जिथे जाईल तिथे जायला. आणि आता मी वर जाणार, ही खाली 'ए' फॉर ॲपल म्हणत बसणार. मी म्हटलं, "बाई, माझं पुसा. मी हरण्यात पुढे नाही. हीच सगळ्यात पुढे."

"कशाला?" बायको म्हणाली. "यांचं राहू द्या. माझं एव्हरीथिंग चुकलं. पुसा माझं."

"अगं, तू जा वर. तुला येतं सगळं."

"मला येतं म्हणून मी खाली बसेन. तुम्हाला येत नाही, तुम्ही जा, तिथे शिका."

"मी म्हणतो ना मी हरलो!"

"आणि मी म्हणते मी हरले!"

"बाई," मेहुणा म्हणाला, "आता हे दोघं हरण्यात एकमेकांना आउटडू करताहेत."

बाईंनी कपाळाला हात लावला, खडू कपाळाला लागला. "वाक्य स्वतःचं आणि खरं हवं, हा माझा एकच नियम आहे. ज्याचं वाक्य तोच खोटं म्हणत असेल, तर ते फळ्यावर राहणार नाही." आणि त्यांनी आधी बायकोचं वाक्य पुसलं, मग माझं. "दोघंही खाली. मंगळवारी या. पहिल्यापासून."

बाकीची चौघं वर जाणार म्हणून त्यांनी जिन्याशी मोठा गलका केला. मेहुण्याने विचारलं, वर जायला लिफ्ट नाही का. आम्ही दोघं रस्त्याला लागलो. बायको पुढे, मी मागे. दिव्यांच्या खांबांखालून ती भराभर चालली होती. मी तोंड लांब ठेवलं होतं, पण आतून मला असं वाटत होतं, की कुणी बघत नसेल तर एका पायावर उभं राहून दाखवावं. बेकरीच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"एवढं हसू दाबू नका. दिसतंय."

"मी कुठे हसतोय? तुझंच वाईट वाटतंय. वर जायचं होतं ना तुला?"

"होतं," ती म्हणाली. "पण जिन्यावरून मी डोकावून आले होते. वरच्या वर्गात बाक नाहीत. एकेकट्या खुर्च्या आहेत, वेताच्या."

"माहीत आहे. त्या मीच विणल्यात."

"म्हणून तर," ती म्हणाली. "बसलेलं माणूस कधी खाली जाईल, नेम नाही."

आणि माझं कोपर धरून तिने मला रस्ता ओलांडून दिला.